मेहकरची जागा कोणाची?

२००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना आपापली बिऱ्हाडं हलवावी लागली. बुलढाणा लोकसभा १९७७ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव होती, ती खुली झाली. मेहकर विधानसभा तोवर खुली होती, ती राखीव झाली. मेहकरातून १९९५ पासून सलग तीनदा निवडून आलेले शिवसेनेचे प्रतापराव जाधव यांना आता मेहकरात उभं राहता येईना. २००९ ला ते लोकसभेला उभे राहिले आणि खासदार झाले. बुलढाण्याचे तेव्हाचे खासदार आनंदराव अडसूळ अमरावतीला गेले, कारण अमरावती राखीव झाली होती. मेहकरात त्याच पक्षाचे संजय रायमुलकर उभे राहिले आणि जिंकले. तिघेही निवडून आले, पक्षाचं काहीही बिघडलं नाही. राखीव जागा इकडून तिकडे गेली. ज्यांच्यासाठी ती राखीव होती त्यांच्या आयुष्यात त्यामुळे काय हललं, हे त्या धांदलीत कोणी विचारल्याचं आठवत नाही.

पैनगंगेकाठचं मेहकर हे शारंगधर बालाजीचं गाव. साहित्याच्या वाचकाला ते कवी ना. घ. देशपांडे यांच्यामुळे ठाऊक असतं. राजकीय इतिहासात या गावाचं नाव फारसं येत नाही. पण उमेदवार नेमकं कोणाचं ऐकतो, जातीच्या अन्यायाबद्दल आणि बायकांच्या मागण्यांबद्दल तो तोंड कधी उघडतो, हे समजून घ्यायचं असेल तर मेहकरसारखा मतदारसंघ पुण्या-मुंबईपेक्षा जास्त शिकवतो. माझं म्हणणं साधं आहे. उमेदवार त्याचंच ऐकतो ज्याचं मत हातचं गेलं तर तो पडेल. बाकीच्यांना तो नमस्कार करतो.

गोष्ट बुलढाण्यापासूनच सुरू होते, आणि तीही मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता तेव्हापासून. इथल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेल्या बापूजी हरी शिंदे यांच्या मुलीने, ताराबाईने, १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, त्यावरून ‘पुणेवैभव’सारखी पत्रं सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेत होती. ताराबाईने त्यांना बुलढाण्याहून उत्तर दिलं. पुण्यात ५०० प्रती छापल्या गेल्या. शिव्या भरपूर मिळाल्या, आणि बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी, ‘सत्सार’मध्ये. मग पुस्तक जे गडप झालं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. मधली नव्वद वर्षं वऱ्हाडातल्या किती उमेदवारांनी आपल्याच जिल्ह्यातल्या या बाईचं नाव घेतलं असेल? जिजाऊंचं नाव सगळे घेतात. सिंदखेडराजा त्याच जिल्ह्यात आहे आणि जिजाऊंचं नाव घेतल्याने कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. ताराबाईचं नाव घेतलं तर द्यावं लागतं.

मतदानाचा हक्क आला तो फार हातचं राखून. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा. म्हणून इथून निवडून गेलेल्या माणसाला मध्य प्रांताच्या कौन्सिलात बसायला वर सरकारची नेमणूकही लागायची. मध्य प्रांत-वऱ्हाडात बायकांना मत मिळालं १९२७ च्या सुमारास, तेही सारा किंवा कर भरणाऱ्यांतल्या थोड्या बायकांना. १९३५ च्या कायद्याने आकडा वाढवला, पण कसा? नवऱ्याकडे पुरेशी मालमत्ता असेल तर बायकोला मत. म्हणजे मत तिचं आणि पात्रता त्याची. उमेदवाराने मग बाईला कशाला भेटावं? ओसरीवर नवऱ्याशी बोललं की दोन मतांचं काम झालं. १९३७ च्या विधानसभेत ११२ पैकी बायकांसाठी जागा होत्या ३. अनसूयाबाई काळे त्या सभागृहाच्या उपाध्यक्ष झाल्या, ही गोष्ट मात्र वऱ्हाड-नागपूरने अभिमानाने सांगावी अशीच.

त्याच ११२ पैकी २० जागा अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. हा आकडा २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारातून आला. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते: अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडायचा. येरवड्यात गांधीजींचं उपोषण झालं आणि तडजोड अशी निघाली की जागा जास्त, देशभरात १४८, पण मतदान सगळ्यांचं. उमेदवार अनुसूचित जातीचा, आणि त्याला निवडून आणणारे बहुसंख्य मतदार दुसरे. मेहकरात आज जे चालतं त्याचं मूळ या कागदात आहे. राखीव जागेवरच्या उमेदवाराला आपल्या वस्तीची सगळी मतं मिळाली तरी तो पडू शकतो, आणि वस्तीची फार थोडी मतं मिळाली तरी तो निवडून येऊ शकतो. मग त्याने कोणाकडे बघून बोलावं? यात त्या माणसाच्या हेतूला दोष देण्यासारखं फारसं काही नाही. यंत्रच तसं बसवलं आहे.

वऱ्हाडात वेगळं वागलेले लोकही होते. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह उभा राहिला, त्यात डॉ. पंजाबराव देशमुख पुढे होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. पंजाबरावांनी त्याच वर्षी जातीबाहेर लग्न केलं. आणि तरी १९३० साली ते कौन्सिलात निवडून आले, मंत्रीही झाले. जातीच्या प्रश्नावर स्पष्ट बोललं तर कुणबी-मराठा मतं जातात, असं जे आजचे उमेदवार खासगीत सांगतात, त्यांनी हा दाखला एकदा बघावा.

पण या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २० जुलै १९४२ चा दिवस. नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. पावसाळ्याचे दिवस, आणि तरी वीस-पंचवीस हजार बाया जमल्या असं तेव्हाचे लोक सांगतात. शेतमजूर, गिरणीतल्या, विडी वळणाऱ्या. बाबासाहेब आले होते, पण परिषद बायांनी चालवली आणि ठरावही त्यांनीच केले. ठराव वाचताना आजही माणूस दचकतो. नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क कायद्याने द्या. एकाहून जास्त बायका करण्याची चाल बंद करा. गिरणी आणि विडी कारखान्यातल्या कामगार बायकांना भरपगारी रजा द्या, त्यांच्यावर देखरेखीला बाई ठेवा. आणि कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत बायकांसाठी जागा राखून ठेवा. सुलोचनाबाई संततिनियमनावरही बोलल्या. १९४२ साली, भर सभेत!

या ठरावांत ‘दलितांचे प्रश्न’ आणि ‘बायकांचे प्रश्न’ असे दोन कप्पे नाहीत. विडी वळणाऱ्या महार बाईला ते दोन कप्पे परवडणारेच नव्हते. कप्पे नंतर पाडले ते पक्षांनी. एकीकडे दलित सेल, दुसरीकडे महिला आघाडी, आणि दलित बाई दोन्हीकडे सतरंज्या अंथरायला.

त्या ठरावांना उत्तर मागायची पहिली संधी आली १९५१-५२ च्या निवडणुकीत. बाबासाहेब कायदामंत्री असताना हिंदू कोड बिल घेऊन उभे राहिले: घटस्फोट, एकपत्नीत्व, मुलीला वारसा. म्हणजे नागपूरच्या पहिल्या दोन ठरावांचं कायद्यातलं रूप. बिल रखडलं आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनामा दिला. महिन्याभरात देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली.

ती निवडणूक कशी झाली ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. मतपत्रिकेवर नावं नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याच्या चिन्हाचा कागद चिकटवलेला. मतदार पडद्याआड जायचा आणि हव्या त्या पेटीत कागद सोडायचा. जिथे राखीव जागा होती तिथे मतदारसंघ दोन सदस्यांचा. मतदाराला कागद दोन मिळायचे. एक खुल्या उमेदवाराला, एक राखीव उमेदवाराला असा त्याचा सरळ अर्थ, पण दोन्ही एकाच पेटीत टाकले तर एक बाद. बुलढाणा-अकोला असाच दुहेरी मतदारसंघ होता. तिथून काँग्रेसचे गोपाळराव खेडकर आणि राखीव जागेवर लक्ष्मण भटकर गेले. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. उत्तरेकडच्या राज्यांत त्याच वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. १९३५ च्या कायद्याने जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं, दुसरं काय.

बाबासाहेब उत्तर मुंबईतून सुमारे १४ हजार मतांनी पडले. जिंकले काँग्रेसचे नारायण काजरोळकर. त्या मतदारसंघात ७४ हजारांच्या घरात मतं बाद झाली. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झालं: खुल्या जागेवर त्यांचे सोबती अशोक मेहता आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब पडले. दुसरं मत कोणालाच देऊ नका, जाळून टाका, असा सल्ला कार्यकर्ते देत होते आणि बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी हकिगत विदर्भात अजून सांगतात. बायकांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडलेला माणूस दोनदा उभा राहिला आणि दोनदा पडला. त्याच्याच बिलाचे चार तुकडे करून १९५५-५६ मध्ये संसदेने ते मंजूर केले, आणि श्रेय दुसऱ्यांनी घेतलं. ज्या कोट्यवधी बायकांना त्याचा फायदा झाला त्यांतल्या फारच थोड्यांनी त्याला मत दिलं असेल. कारण त्यांचं मत अजून ओसरीवरच ठरत होतं.

साठच्या दशकात सांगण्यासारखं फार नाही. रिपब्लिकन पक्ष फुटत गेला, काँग्रेसने एकेक गट जवळ घेतला. बुलढाण्यातून १९५७, १९६२, १९६७ असे तीनदा शिवराम रंगो राणे निवडून गेले. मग १९७२ साल आलं, दुष्काळ घेऊन. मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी दोन दलित बायांना, पाण्यावरून, नागवं करून मारलं. इंदापुराजवळ बावड्याला अख्ख्या वस्तीवर बहिष्कार. त्या उन्हाळ्यात मुंबईत दलित पँथर निघाली. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार टाकला. वरळीत दंगल पेटली, भागवत जाधव हा कार्यकर्ता मारला गेला. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे रामराव आदिक पडले होते आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या होत्या. दलितांनी मत दिलं नाही तर काय होतं, हे सत्ताधाऱ्यांना त्या दिवशी आकड्यांत दिसलं.

त्याच वर्षी मेहकरच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात धाकली गावी दोन भावांचे डोळे काढले गेले. घरातल्या मुलीची फसवणूक झाली, त्याचा जाब गावच्या बड्या घराला विचारला, हा त्यांचा गुन्हा. इथेही जात आणि बाई एकाच गाठीत बांधलेली. तीन वर्षांनी, १९७७ ला, बुलढाणा लोकसभा पहिल्यांदा राखीव झाली. विदर्भाने त्या निवडणुकीत, जनता लाट असूनही, बहुतेक जागा काँग्रेसलाच दिल्या. बुलढाण्याने दिली नाही. इथून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई निवडून आले. आणीबाणीचा राग होताच. पण तो राग अकोल्या-वाशीमलाही होता आणि तिथे काँग्रेस जिंकली.

हे फार टिकलं नाही. १९७७ ते २००४ या काळात बुलढाण्यात लोकसभेच्या नऊ निवडणुका झाल्या. त्यांतल्या सात वेळा निवडून आलेला माणूस नागपूरचा किंवा मुंबईचा होता: बाळकृष्ण वासनिक एकदा, मुकुल वासनिक तीनदा, अडसूळ तीनदा. पक्षांनी राखीव जागा ही आपल्या माणसांच्या सोयीची जागा मानली. बाहेरचा माणूस वाईट असतो असं नाही, पण लोणार-मेहकर भागातल्या एखाद्या वाडीत पाण्यावरून मारहाण झाली तर रात्री कोणाच्या दारात जायचं, हा साधा प्रश्न आहे.

बायकांच्या बाजूने कोंडी फोडली ती शेतकऱ्यांनी. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेने चांदवडला महिला अधिवेशन भरवलं, लाखांवर बाया आल्या, आणि पंचायत राज्याच्या निवडणुका बायाच लढवतील असं ठरलं. १९८९ मध्ये यवतमाळच्या मेटीखेड्याला आणि जळगावच्या विटनेरला पूर्ण बायकांची ग्रामपंचायत आली. पक्षांच्या पोटात गोळा आला. १९९० मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या, घटनादुरुस्तीने त्या ३३ केल्या आणि २०११ मध्ये राज्याने ५० टक्के केल्या. सरपंचाच्या खुर्चीत बाई आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात, हे चित्र सगळ्यांनी बघितलं आहे. पण त्याच खुर्चीतून शिक्का परत मागणाऱ्या बायाही निघाल्या, आणि त्यांनी पहिला विषय घेतला दारूचा.

२००८ च्या शासन आदेशाने गावातलं दुकान बंद करायचा रस्ता दिला. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. खोच पुढे आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नाही, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी बाई शेतात गेली, माहेरी गेली, मेलेली असून यादीत राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. आमदाराला निवडून यायला अशी अट असती तर विधानसभा रिकामी राहिली असती.

चंद्रपूरच्या बायांनी यापुढचा टप्पा गाठला. २०१० च्या डिसेंबरात त्या चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर पायी गेल्या, पुढे २०१४ च्या निवडणुकीत दारूबंदी उमेदवारांना टाळता येईना, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. २०२१ मध्ये दुसऱ्या सरकारने ती उठवली. अवैध दारू वाढली हे कारण खोटं नव्हतं. पण मधल्या काळात बायांची संघटना आणि उमेदवाराची गरज, दोन्ही सैल पडल्या होत्या, हेही खोटं नाही.

आता २०२४. जून अखेरीस ‘लाडकी बहीण’ जाहीर झाली, महिना १५०० रुपये. पैसे थेट बाईच्या खात्यात आणि भाषण बाईला उद्देशून. ओसरीवरचा नवरा वगळून उमेदवार थेट चुलीपाशी आला, ही गोष्ट मी कमी लेखणार नाही. विधानसभेच्या निवडणुकीत राज्यात सत्ताधारी महायुतीची लाट आली. मेहकरात मात्र महायुतीचे तीनदा निवडून आलेले रायमुलकर पाच हजारांहून कमी मतांनी पडले आणि मंत्रालयातली अधिकाऱ्याची नोकरी सोडून आलेले, उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे सिद्धार्थ खरात आमदार झाले. मेहकरच्या बाया दीड हजारात एकगठ्ठा विकत मिळत नाहीत, एवढं तरी त्या निकालातून कळलं. शेजारी बुलढाण्यात जयश्री शेळके अवघ्या ८४१ मतांनी पडल्या. चिखलीत श्वेता महाले दुसऱ्यांदा निवडून आल्या. त्याआधी चिखलीनेच रेखाताई खेडेकरांना तीनदा पाठवलं होतं. जिल्ह्यात बाई निवडून येत नाही असं म्हणायला म्हणूनच जागा नाही.

दलित मताचंही तसंच. २०१९ ला, लोकसभेची जागा खुली झाल्यावर, वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला बुलढाण्यात दीड लाखाहून जास्त मतं पडली. जाधवांच्या विजयाचं अंतर त्याहून कमी होतं. जागा राखीव असताना गृहीत धरलेलं मत जागा खुली झाल्यावर मोजावं लागलं, हा पुणे करारानंतरच्या राजकारणाचा उलटा धडा आहे.

२०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली. १९९६ पासून लोंबकळत असलेलं महिला आरक्षण मंजूर झालं, आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागांतल्याही एक तृतीयांश जागा त्या जातींतल्या बायकांसाठी ठेवल्या गेल्या. अंमल मात्र जनगणना आणि पुनर्रचनेनंतर, अशी अट कायद्यातच घातली. नागपूरच्या बायांनी हे मागितलं त्याला तेव्हा ८१ वर्षं झाली होती.

पुनर्रचना होईल तेव्हा रेघा पुन्हा सरकतील आणि पुढारी पुन्हा बिऱ्हाडं हलवतील. तोवर वाट बघायचं कारण नाही. कोणत्याही पक्षाला मेहकरच्या राखीव जागेवर दलित बाई उभी करायला आजही कायदा आडवा येत नाही. पुढच्या वेळी उमेदवार गल्लीत आला की त्याला हेच विचारा. २००९ पासून मेहकरने चारदा आमदार निवडला, १९५२ पासून बुलढाण्याने लोकसभेवर माणसं पाठवली, आणि त्यांत एकही बाई नाही.